घरातून निघण्याआधी एकदा टायरकडे बघा



मागच्या सहा डिसेंबरला आमच्या वस्तीतून दादरला निघालेल्या गाडीत आम्ही होतो. जीप नऊ जणांची, आत बसलो चौदा. पाण्याचे कॅन, भाकऱ्यांची पिशवी, झेंडे, पुस्तकांसाठी बाजूला काढलेले पैसे, आजींच्या गोळ्यांची डबी, सगळे आठवणीने घेतले होते. टायरकडे मात्र कोणीच बघितले नव्हते. नाशिक मागे पडल्यावर एका उतारावर मागचा डावा टायर फुटला. गाडी दोनदा हेलकावली, कठड्याला घासली आणि थांबली. जीव कोणाचा गेला नाही. एका आजींचे मनगट मोडले, एका मुलाच्या कपाळाला टाके पडले. स्टेपनी काढली तर तीही गुळगुळीत, आणि तिच्यात हवा नव्हती. रात्र रस्त्याच्या कडेला बसून काढली.

सकाळी आलेल्या पंक्चरवाल्या काकांनी फुटलेला टायर उलटून दाखवला. वरची नक्षी तशी बरी होती, पण बाजूला बारीक भेगांचे जाळे पडले होते. "टायर जुना, हवा कमी आणि माणसं जास्त," काका म्हणाले. "तिन्ही एकत्र आलं की फुटतोच."

यातले एकही कारण नशिबाचे नव्हते. निघण्याआधी गल्लीत उभ्या उभ्या पाच मिनिटे बघितले असते तर तिन्ही दिसली असती. ती कशी बघायची, हे या वेळी सांगत आहोत.

आरोग्याच्या पानावर टायर कशाला, असे काही जण विचारतील. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली, आणि त्यातली दर १०० मधली ४४ दुचाकीवरची होती. आपल्या वस्तीत कोण रिक्षा चालवतो, कोण टेम्पो, कोण दुचाकीवरून पार्सल पोहोचवतो. घरातला कमावता माणूस चाकावर आहे. त्याचा पाय मोडला तर तीन महिने घर बसते, दवाखान्याचे कर्ज वर्षभर फेडावे लागते. रक्तदाबाची गोळी जशी वेळेवर घेतो, तसेच हे काम आहे. फरक इतकाच की याला डॉक्टर लागत नाही.

हवा: सगळ्यात स्वस्त औषध

गाडीचा आणि माणसांचा भार टायरचे रबर पेलत नाही, आतली हवा पेलते. हवा कमी असली की टायर जमिनीवर जास्त दबतो. चाक फिरताना त्याची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते आणि सरळ होते. लोखंडी तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवून बघा, आधी ती गरम होते, मग तुटते. कमी हवेच्या टायरच्या आतल्या दोऱ्यांचे आणि तारांचे तसेच होते. वेग आणि वजन जितके जास्त, तितका टायर जास्त तापतो आणि लवकर फुटतो.

म्हणून "उन्हाळा आहे, हवा थोडी कमीच ठेव" हा सल्ला उलटा आहे. आपल्यातले अनेक जण, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, हेच करतात. कमी हवेने टायर जास्त तापतो. उन्हाळ्यातही कंपनीने सांगितली आहे तेवढीच हवा भरायची. टायर तापला की आतला दाब थोडा वाढणारच, तो हिशेब कंपनीने आधीच धरलेला असतो. गाडी चालवून आल्यावर दाब जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका. टायर थंड झाला की ती हवा कमी पडेल.

मग हवा किती भरायची? तो आकडा पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. दुचाकीवर तो बहुधा साखळीच्या कव्हरजवळ किंवा मागच्या चाकाजवळच्या स्टिकरवर असतो. मोटारीला ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर असतो. रिक्षा-टेम्पोच्या बाबतीत गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत बघा. माप पीएसआयमध्ये असते, आपण बोलताना "तीसची हवा", "पस्तीसची हवा" म्हणतो ते हेच. मागे माणूस बसणार असेल तर दुचाकीच्या मागच्या चाकाला जास्त हवा लागते. एका नेहमीच्या ११० सीसी स्कूटरला पुढे २२, मागे एकट्यासाठी २९ आणि दोघांसाठी ३६ असे आकडे आहेत. म्हणजे एकट्याच्या हवेवर रोज दोघे जात असतील तर टायर रोज मार खातो. टायरच्या बाजूला जो "मॅक्स" असा आकडा छापलेला असतो, ती त्या टायरची कमाल मर्यादा. तेवढी हवा भरायची असा त्याचा अर्थ नाही.

हवा सकाळी, गाडी काढण्याआधी किंवा जवळच्या पंपापर्यंतच चालवून तपासा. पंक्चर नसले तरी टायरमधली हवा महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप कमी होते. दुचाकी आणि रिक्षाची आठवड्यातून एकदा, मोटारीची पंधरा दिवसांतून एकदा तपासणी पुरते. पेट्रोल पंपावर हवा फुकट देणे पंपचालकाला बंधनकारक आहे, ती मागायला संकोच नको. हाताने दाबून किंवा लाथ मारून हवा कळत नाही. गल्लीतल्या आठ-दहा गाड्यांत मिळून एक साधा हवेचा मीटर घेतला तर प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडे पैसे येतात. वॉल्व्हचे टोपण हरवले असेल तर बसवून घ्या. त्यात धूळ गेली की हवा हळूहळू निघत राहते.

नायट्रोजन भरण्याचा आग्रह कोणी केला तर घाबरू नका. आपल्या साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. पैसे देऊन नायट्रोजन भरून तपासणी विसरण्यापेक्षा साधी हवा वेळेवर तपासलेली बरी.

नक्षी: पावसाळ्यातला आधार

टायरवरच्या खाचा शोभेच्या नाहीत. ओल्या रस्त्यावर त्या चाकाखालचे पाणी बाजूला काढतात, म्हणून रबर रस्त्याला धरून राहते. खाचा झिजल्या की पाण्याचा थर मध्ये येतो, चाक पाण्यावर तरंगते आणि ब्रेक दाबूनही गाडी पुढे सरकत राहते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ एकत्र होऊन चिखट थर तयार होतो. त्या दिवशी गुळगुळीत टायरची दुचाकी वळणावर पडते ती याच कारणाने.

किती झिजला म्हणजे बदलायचा, हे टायरच सांगतो. खाचेच्या आत जागोजागी रबराचे छोटे उंचवटे असतात. ते कुठे आहेत हे दाखवायला टायरच्या कडेला बारीक त्रिकोण किंवा टी, डब्ल्यू, आय ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. वरचे रबर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आले की टायर संपला. घरी मोजायचे असेल तर खाचेत काडी उभी धरा, नखाने खूण करा आणि मुलांच्या शाळेच्या पट्टीवर ठेवा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकी-तीनचाकीसाठी ०.८ मिलिमीटर अशी मर्यादा आहे. ही शेवटची रेघ आहे. पावसाळ्याच्या तोंडावर खोली दोन मिलिमीटरवर आली असेल तर नवा टायर घेण्याची तयारी करा.

झीज कुठे आहे तेही बघा. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग उंच राहिला, तर हवा कमी ठेवली जाते. मधला पट्टा झिजला, तर हवा जास्त भरली जाते. एकच बाजू झिजली, तर चाक सरळ नाही, मोटारीचे अलाइनमेंट करून घ्या. नुसता टायर बदलून कारण तसेच ठेवले तर नवा टायरही त्याच जागी झिजेल.

वय, भेगा आणि फुगा

आमच्या जीपच्या टायरची नक्षी शिल्लक होती, तरी तो फुटला. कारण रबर उन्हाने आणि काळाने वाळते. गाडी उभी असली तरी वाळते. टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्या माणसाकडून तपासून घ्या. दहा वर्षे झालेला टायर कितीही चांगला दिसला, स्टेपनीचा असला, तरी वापरू नका.

मग टायरच्या बाजूवरून हात फिरवा. बारीक भेगा, कट, खिळा, आतून बाहेर आलेले दोरे दिसतात का बघा. खड्ड्यात चाक जोरात आपटले की कधी कधी बाजूला अंड्याएवढा फुगा येतो. आतले दोरे तुटलेले असतात आणि हवा नुसत्या रबरावर अडलेली असते. असा टायर दुरुस्त होत नाही. "आजचा दिवस चालवतो" असे म्हणू नका, त्याच दिवशी तो फुटू शकतो.

वजन: टायरवर लिहिलेली मर्यादा

टायरवर मापाच्या शेवटी एक आकडा आणि एक अक्षर असते. समजा, स्कूटरच्या मागच्या टायरवर ५३ आणि जे आहे. ५३ म्हणजे तो टायर जास्तीत जास्त २०६ किलो भार पेलतो. जे म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंतचा वेग. आता हिशेब करा. स्कूटरचे स्वतःचे वजन शंभर किलोच्या वर. त्यावर तिघे जण आणि पायाशी भरलेला गॅस सिलिंडर, तो एकटाच सुमारे तीस किलो. यातला मोठा भार मागच्या चाकावर येतो. टायर मर्यादेला टेकतो, आणि त्यात हवा कमी असेल तर मर्यादा आणखी खाली येते. शाळेची मुले कोंबलेल्या रिक्षाचे आणि आमच्या चौदा जणांच्या जीपचेही हेच गणित आहे.

जुना टायर घेताना

नवा टायर महाग, म्हणून आपल्यापैकी बरेच जण जुना घेतात. त्यात दोष नाही, पण आधी फसवणूक ओळखा. गुळगुळीत टायरवर गरम पात्याने पुन्हा खाचा कोरून तो "चांगला माल" म्हणून विकतात. खाच खोल दिसते, पण तिच्या तळाला रबर उरलेले नसते, कधी दोरे दिसतात. खाच कोरता येईल असे टायर असतात, पण ते ट्रक-बसचे, आणि तसे त्यांच्यावर छापलेले असते. दुचाकी, रिक्षा, मोटारीचा कोरलेला टायर घेऊ नका. खाचेत ते उंचवटे नसतील तर टायर कोरलेला आहे असे समजा. काळा रंग मारून चमकवलेल्या टायरच्या भेगा रंगाखाली असतात. बाजू वाकवून बघा आणि चार आकड्यांचे वय वाचा.

ट्रक-टेम्पोला रिमोल्ड टायर लावतात. चांगल्या ठिकाणी केलेला असेल तर तो मागच्या चाकांना चालतो. पुढच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकांना लावू नका. पुढचा टायर फुटला तर गाडी हातात राहत नाही.

पंक्चर फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागातले काढावे. बाजूचे पंक्चर काढून मिळाले तरी त्यावर भरवसा नाही. ट्यूबवर ठिगळावर ठिगळ झाले असेल तर ट्यूब बदला, आणि नव्या टायरमध्ये जुनी ट्यूब घालू नका. आपल्या वस्तीतले अनेक भाऊ पंक्चरच्या दुकानावर काम करतात. मोठ्या टायरमध्ये हवा भरताना समोर उभे राहू नका, बाजूला राहा आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. रिमची कडी उडाली तर माणूस वाचत नाही.

भाड्याने रिक्षा चालवणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. टायर मालकाचा, जीव आपला. मालक म्हणतो, "अजून महिनाभर चालेल." अशा वेळी उंचवट्यापर्यंत झिजलेल्या टायरचा फोटो काढून मालकाला पाठवा. पावती आणि दंड कोणाच्या माथी येईल हेही बोला. एकट्याचे ऐकले जात नसेल तर त्याच मालकाच्या रिक्षा चालवणारे चार जण मिळून सांगा. फोटो आणि तारीख हातात असली की बोलणे टाळता येत नाही.

चालत्या गाडीचा टायर फुटला तर

पहिली गोष्ट, जोरात ब्रेक मारू नका. त्यानेच गाडी उलटते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट आणि सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळू उचला, वेग आपोआप कमी होऊ द्या आणि मग बाजूला घ्या. दुचाकीवर ज्या चाकाचा टायर फुटला त्याचा ब्रेक दाबू नका, दुसऱ्या चाकाचा हलका वापरा. गाडी थांबली की इंडिकेटर लावा आणि सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब, कठड्याच्या पलीकडे उभे करा. गाडीच्या मागे उभे राहून टायर बघत बसू नका. कोणी जखमी असेल तर १०८ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलिस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही, कायद्याचे तसे संरक्षण आहे.

कार्यक्रमाला गाडी ठरवताना

विजयादशमीला नागपूर, सहा डिसेंबरला दादर, एक जानेवारीला भीमा कोरेगाव. रात्रीचा लांबचा प्रवास, गच्च भरलेली गाडी आणि स्वस्तात ठरवलेले भाडे, असे आपले दरवर्षी होते. भाडे ठरवायला जे जातात त्यांनीच दिवसाउजेडी टायर बघावेत. चारही टायरची नक्षी, वय, बाजू. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का. मग आसने मोजा आणि तेवढीच माणसे बसवा. मालाच्या टेम्पोत माणसे नेणे कायद्याला मान्य नाही, आणि अपघात झाला तर विम्याची भरपाईही अडते.

विदर्भातून मुंबईकडे येणाऱ्या अनेक गाड्या आता समृद्धी महामार्गाने येतात. डिसेंबर २०२२ मध्ये हा रस्ता सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायची मोहीम घेतली. सिमेंटचा सरळ रस्ता, तासन्तास एकच मोठा वेग, यात टायर थंड व्हायला वेळच मिळत नाही. दर दोन तासांनी थांबा. ड्रायव्हरने तोंडावर पाणी मारावे, बाकीच्यांनी चारही चाकांभोवती एक फेरी मारावी.

काढलेला टायर घरावर नको

आता आरोग्याची आणखी एक गोष्ट. गाडीचा काढलेला टायर आपल्याकडे पत्र्यावर जातो, वाऱ्याने पत्रा उडू नये म्हणून. पावसात त्यात पाणी साचते आणि डेंग्यू-चिकनगुनियाचा एडिस डास तिथेच अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी आले की फुटतात. म्हणून नुसते पाणी ओतून भागत नाही, टायर आतून घासावा लागतो. पत्र्यावर वजन हवेच असेल तर विटा किंवा वाळूच्या पिशव्या ठेवा. टायर ठेवायचाच झाला तर त्याला खालून चार-पाच मोठी भोके पाडा.

थंडीत शेकायला किंवा पाणी तापवायला टायरचे तुकडे जाळू नका. त्या काळ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, गंधकाचा वायू आणि बारीक काजळी असते. लहान मुले आणि दमेकरी यांना तो लगेच बाधतो. जुना टायर टायरवाल्याला किंवा भंगारवाल्याला द्या.

रविवारी विहारात वंदनेला आपण जमतोच. बाहेर गाड्या उभ्या असतात. वंदना झाली की मीटर घेतलेला एक तरुण आणि वही घेतलेली एक मुलगी, दोघांनी रांगेने सगळ्या गाड्या बघाव्यात. हवेचा आकडा, नक्षी आहे की नाही, टायर कोणत्या वर्षीचा, एवढेच लिहावे. ज्याचा टायर संपला आहे त्याला त्याच दिवशी सांगावे. आमच्या वस्तीत आम्ही हे सुरू केले. पहिल्या रविवारी सव्वीस गाड्या बघितल्या, त्यात अकरांची हवा कमी निघाली. त्यातली एक आमचीच होती.